द्वेषातून घडलेले गुन्हे, पोलिसांचा तपास आणि बाहेरची देखरेख

पानगळ:
पोलिसांनीच द्वेषापोटी बळ वापरल्याचा संशय असेल, तेव्हा तपासावर देशाबाहेरच्या यंत्रणेची नजर असावी, असे माझे मत आहे. जुलै १९९६ मध्ये बल्गेरियातील लेसुरा गावात लष्करी पोलिसांनी रोमा (जिप्सी म्हणून हिणवला जाणारा युरोपातला अल्पसंख्य समाज) समाजातल्या दोन निःशस्त्र तरुणांना गोळ्या घालून मारले. दोघेही एकवीस वर्षांचे, सैन्याच्या बांधकाम दलातले. विनापरवाना गैरहजेरीसाठी कोठडीत होते आणि तिथून पळून आजीच्या घरी आले होते. गोळ्या झाडणाऱ्या मेजरने आपल्यावरही बंदूक रोखली आणि जिप्सी म्हणून शिवी हासडली, असा जबाब एका शेजाऱ्याने दिला. तो कागदोपत्री नोंदला गेला, पण त्याचा पाठपुरावा कोणीच केला नाही आणि गोळीबार नियमावलीत बसतो म्हणून प्रकरण बंद झाले. वांशिक हेतू होता का, हे तपासणे सरकारचे कर्तव्यच होते, हे शेवटी २००५ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने एकमताने सांगितले.

आडवळण:
आपण त्याच निकालाचा निम्मा भाग वगळलात. या हत्या वंशद्वेषातून झाल्याचे सिद्ध होत नाही, असेही न्यायालयाने अकरा विरुद्ध सहा मतांनी म्हटले. २००४ चा खालच्या पीठाचा निष्कर्ष त्यामुळे फिरला. शिवाय हे न्यायालय संबंधित देशाच्या सरकारला दोषी धरते, भरपाई द्यायला लावते, मेजरला पिंजऱ्यात उभे करू शकत नाही. उलट देशातली यंत्रणा काय करू शकते ते पाहा: जर्मनीत २००० ते २००७ या काळात नवनाझी टोळीने दहा जणांना मारले, त्यांत आठ तुर्की वंशाचे होते. पोलीस मात्र वर्षानुवर्षे मृतांच्या घरच्यांकडेच अमली पदार्थ आणि खंडणीचे धागे शोधत राहिले. २०११ मध्ये टोळी उघड झाल्यावर चूक चव्हाट्यावर मांडली ती जर्मन संसदेच्या चौकशी समितीने, आणि शिक्षा ठरवताना वंशद्वेषी हेतू विचारात घेण्याची तरतूद २०१५ मध्ये तिथल्याच कायद्यात आली.

पानगळ:
अकरा-सहाचा आक्षेप मान्य; मी तो आधीच सांगायला हवा होता. पण हेतूचा तपासच झाला नसेल तर पुरावा येणार कुठून? जर्मनीचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे वाटते: समिती नेमली गेली ती टोळी उघड झाल्यावर, तोवर त्या कुटुंबांनी दशकभर संशयित म्हणून दिवस काढले होते.

सातबारा:
आशियात स्ट्रासबर्गसारखे न्यायालय नाही, हे दोघांनीही ध्यानात घ्यावे. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, अनुमोदन मात्र दिलेले नाही. तरीही बाहेरची नजर अगदीच निरुपयोगी नसते. आपल्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या ‘अ’ (सर्वोच्च) दर्जाचे नूतनीकरण अशा राष्ट्रीय आयोगांच्या जागतिक संघाच्या समितीने २०२३ आणि २०२४ मध्ये लांबणीवर टाकले; आयोगाच्या तपासाचे काम पोलीस अधिकाऱ्यांकडेच असते, हा त्यातला एक आक्षेप होता. पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसानेच तपासायची, यातला विसंवाद सांगायला खरे तर परदेशी समिती लागू नये.

आडवळण:
नेमके हेच म्हणतो. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात आणि जिल्ह्यात स्वतंत्र प्राधिकरणे नेमा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह प्रकरणात २००६ मध्येच दिला आहे. आपल्या जिल्ह्यातले प्राधिकरण कुठे बसते, हे इथल्या किती जणांना ठाऊक आहे?