ट्रिबलांचा हिशेब

‘स्टार ट्रेक’ या अंतराळप्रवासावरील दूरचित्रवाणी कथेच्या मूळ मालिकेतील ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ (डिसेंबर १९६७) हा भाग म्हणजे निव्वळ पोरखेळ होय, हे आपले मत मला पटत नाही. गंमत आहेच, परंतु ती विज्ञानाच्या तर्काला सोडून नाही. अंतराळ स्थानकावरील धान्याच्या कोठाराचे दार उघडताच अंतराळजहाजाचा कप्तान कर्क याच्या डोक्यावर ट्रिबल नावाच्या केसाळ, गोळ्यासारख्या जीवांचा ढीग कोसळतो आणि तो त्यात छातीपर्यंत बुडालेला असतानाच त्याचा सहकारी अधिकारी स्पॉक शांतपणे त्यांच्या संख्येचा आकडा सांगतो: १७,७१,५६१. हा आकडा लेखकाने हवेतून काढलेला नाही. एका ट्रिबलला दर बारा तासांनी दहा पिल्ले झाली, तर आईसह संख्या प्रत्येक वेळी अकरा पट होते, आणि तीन दिवसांत असे सहा वेळा घडले की बरोबर एवढेच उत्तर येते. (मी वहीत गुणाकार करून पाहिला आहे.)

शिवाय हे ट्रिबल कथेत उगाच आणलेले नाहीत. धान्य खाऊन ते मरतात म्हणूनच त्यात विष असल्याचे उघड होते, आणि एरवी सर्वांजवळ मांजरासारखे समाधानाने घुरघुरणारे हे जीव शत्रुपक्षाचे क्लिंगॉन दिसताच किंचाळतात म्हणूनच माणसाच्या वेषातील हेर पकडला जातो. मला मात्र सर्वांत आवडतो तो जहाजाचा अभियंता स्कॉटी, जो एका क्लिंगॉनने केलेली कप्तानाची निंदा निमूटपणे ऐकून घेतो, चिडलेल्या चेकोव्ह या सहकाऱ्यालाही आवरतो, पण जहाजाला कचऱ्याची होडी म्हणताच ठोसा लगावतो.