मदत हवी आहे : विद्यापीठातल्या आरोग्य मेळ्यासाठी सांकेतिक भाषेचे दुभाषे

नमस्कार मंडळी. १ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनापासून ३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनापर्यंत आमचा विभाग विद्यापीठात सर्वांना सामावून घेणारा आरोग्य मेळा भरवतोय. तपासण्या, समुपदेशन ठरलंय. पण दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि आमची तयारी रॅम्पपाशीच थांबलीय. कर्णबधिर मुलींना डॉक्टरांशी खासगीत बोलता यायला हवं. पाळीचा त्रास सांगायला दर वेळी मैत्रीण मध्ये लागावी, हे मला अजिबात पटत नाही. पुण्याच्या आसपास सांकेतिक भाषेचे दुभाषे, शक्यतो बाई, कुठे मिळतील? मानधन देऊ. शिवाय तृतीयपंथी विद्यार्थ्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून नोंदणीच्या अर्जात लिंगाचा रकाना कसा ठेवावा? कुणी असा कार्यक्रम केला असेल तर कृपया सविस्तर लिहा.