गोव्यात पीचची बाग? लावायच्या आधी हे वाचा

वाळपईचा बागायतदार
काल इथे पोस्ट आली, "काजू-सुपारी सोडा, फ्लोरिडा प्रिन्स पीचची दोनशे कलमं लावा, तिसऱ्या वर्षी पैसा." वाचून राहवलं नाही. अहो, ही जात कमी थंडीची हे खरं, पण कमी म्हणजे तिलाही हिवाळ्यातली झोप मोडून फुटायला 7 अंशांखालचे दीडशेक तास लागतात. पणजीत जानेवारीच्या पहाटेही पारा 20 च्या आसपास असतो. पंजाबात ती चालते कारण तिथे थंडी पडते. मी 2019 ला सहा कलमं लावलेली. शेंड्याला चार पानं, दोन फुलं, मधली फांदी काठीसारखी उघडी, डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, फुटतच नाहीत. पावसात खोडातून डिंक गळायला लागला, पाणी निघायला चर खणूनही दोन झाडं मुळं कुजून गेली.

फोंड्याकडची
दादा, सहा झाडांवरून निकाल लावू नका. नाशिकची द्राक्षं बघा, छाटणी करून डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचं (डोळे फोडणारं रसायन) पेस्टिंग करतात, म्हणजे लेप लावतात, तेव्हा ती एकसारखी फुटतात. पीचची पानं हाताने काढून झाडाला झोपूच द्यायचं नाही, अशीही पद्धत आहे. तुम्ही पानं काढलेली का?

वाळपईचा बागायतदार
नाही काढली, कबूल. पण ती पद्धत डोंगरावर चालते, जिथे रात्री गार असतात. निलगिरीत पीच होतं, किनाऱ्यावर नाही.

केपेकर
थंडीचं राहू दे, माकडांचं काय? आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) सकाळी सातला टोळी येते. मानकुराद आंबा पाडाला यायच्या आधीच एक चावा घेऊन खाली, शहाळी पोखरून खाली. आई सत्तर वर्षांची आहे, डबा बडवत फिरते.

साखळीवाला
रान कापून प्लॉट पाडले कोणी? माकडं जाणार कुठे?

केपेकर
मी एक झाड कापलेलं नाही! माझ्या आजोबांनी लावलेल्या माडांना आता हात लावायला मिळत नाही, आणि तू मला रान शिकवतोस? एकदा येऊन रात्रभर राखण कर, मग बोल.

साखळीवाला
ठीक, तुझ्याबद्दल बोललो नव्हतो. पण रान गेलं हे खरंच आहे.

फोंड्याकडची
विषय पीचचा आहे हो. मजबूत, बारीक जाळी घातली तर माकडं आणि फळमाशी दोन्ही अडतात.

वाळपईचा बागायतदार
दोनशे झाडांवर जाळी? हिशेब करून बघा ताई. आणि नेक्टरीनचा (पीचचाच बिनलवीचा प्रकार) तर विचारच नको, गुळगुळीत साल, अवकाळी पाऊस लागला की तडकते. उरलेल्या चार झाडांची पानं मी यंदा पावसाळा सरल्यावर काढून बघतो, तुमच्या शब्दाखातर. पण कोणी कर्ज काढून लावत असेल तर त्याला आधी माझ्या भाटात, म्हणजे बागेत आणा, ती उघडी फांदी दाखवतो.

केपेकर
आणि माझ्याकडे पण आणा, सकाळी सातला.