खोकताना लघवी गळते: योगवर्गात केगल नेमके कसे शिकवावेत?

योगशिक्षिका_नाशिक

वर्गातल्या बऱ्याच जणी चाळिशीपुढच्या आहेत. शिंकलं, खोकलं, उडी मारली की थोडी लघवी होते, हे त्या सांगतात, पण वर्ग सुटल्यावर, हळूच. मूळबंध सगळ्यांना शिकवलेला आहे, तरी गळणं थांबत नाही. काही जणी मोबाइलवर बघून केगल, म्हणजे लघवी रोखणारे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम, दिवसाला शंभर-दीडशे वेळा करतात, काही लघवीची धार मध्येच थांबवून सराव करतात. योग्य स्नायू आवळला जातोय हे कसं ओळखायचं? किती सेकंद, किती वेळा, किती महिने? मूळबंध आणि केगल एकच धरून चालेल का? आणि हा व्यायाम कोणाला द्यायचा नाही?

पेल्विक_फिजिओ

ताई, आधी धार थांबवणं बंद करायला सांगा. मूत्राशय आकुंचन पावत असताना ओटीपोटाच्या तळाचे (पेल्विक फ्लोअरचे) स्नायू आवळले की मूत्राशयाला उलटा निरोप जातो आणि लघवी पूर्ण बाहेर पडत नाही. स्नायू कुठला, हे कळण्यापुरतं कोणी एकदा करून बघितलं असेल तर ठीक, पण तो रोजचा व्यायाम नव्हे.

शंभर-दीडशेचा आकडाही सोडा. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नॉल्ड केगल यांनी 1948 मध्ये हा व्यायाम मांडला, तेव्हा ते आधी स्वतः तपासून स्नायू हलतो का ते बघत आणि योनीतला दाब मोजणारं यंत्र वापरत. पुढे व्यायाम घरोघरी पोचला आणि तपासणं गळून पडलं. नुसतं तोंडी सांगितल्यावर अनेक बायका आवळण्याऐवजी खाली जोर देतात, शौचाला कुंथल्यासारखा. तसं दिवसाला दीडशे वेळा केलं तर उपयोग सोडाच, ताण वाढतो.

ओळखायचं असं. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, तळवे जमिनीला. चारचौघांत गॅस रोखून धरतो तसं गुदद्वार आवळा, तेच आवळणं पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा आणि आत, वर ओढा. घरी हातात आरसा धरून बघितलं तर योनी आणि गुदद्वार यांच्यामधली जागा आत, वर जाताना दिसते. ती बाहेर फुगली तर जोर खाली जातोय. स्वच्छ बोट योनीत घातलं तर त्याभोवती पकड बसून ते आत ओढल्यासारखं वाटायला हवं. वर्गात आरसा शक्य नाही, तेव्हा टॉवेलची घट्ट गुंडाळी करून तिच्यावर आडवं न बसता, घोड्यावर बसल्यासारखं बसवा. आवळलं की ती जागा गुंडाळीवरून उचलली जाते, सोडलं की परत टेकते.

चुका तुम्हाला बाहेरून दिसतील. नितंब आवळल्याने बाई किंचित उंच होते, मांड्या एकमेकींकडे येतात, श्वास अडकतो, बेंबीच्या वरचं पोट फुगतं किंवा कडक होतं. बेंबीच्या खाली पोट जरासं आत गेलं तर चालतं. मोठ्याने आकडे म्हणायला लावा, श्वास रोखायची सवय त्याने मोडते.

मूळबंधात आवळणं बरंचसं हेच आहे. पण तो बऱ्याचदा कुंभकासोबत, म्हणजे श्वास रोखून, मांडी घालून, एकदाच लांब धरला जातो. लघवीचं गळणं थांबवायला श्वास चालू हवा, ठरलेल्या आवर्तनांत आवळणं-सोडणं हवं आणि जोर टप्प्याटप्प्याने वाढवायला हवा.

मात्रा प्रत्येकीची वेगळी. जितके सेकंद पकड न सुटता धरता येतं तेवढेच धरायचे, बहुतेकींना सुरुवातीला 3-4 जमतात. तेवढाच किंवा दुप्पट वेळ पूर्ण सैल सोडायचं. अशी 8 आवर्तनं. मग 8-10 वेळा झटकन आवळून लगेच सोडायचं, कारण शिंकेच्या वेळी गळणं रोखायला वेगही लागतो. हे दिवसातून 3 वेळा. हळूहळू 10 सेकंद, 10 आवर्तनांपर्यंत न्यायचं. झोपून नीट जमलं की बसून, मग उभं राहून, शेवटी वाकून आणि उकिडवं बसून. किमान 3 महिने नियमित करा, त्याआधी उपयोग नाही असं ठरवू नका. सोडणं अर्धवट राहिलं तर पुढचं आवळणं कमजोर होतं, म्हणून मी सोडण्याकडेच जास्त लक्ष देते.

योगशिक्षिका_नाशिक

खूप उपयोगी. पण काही जणींना वर्गात नीट आवळता येतं, तरी शिंक आली की गळतंच. ते का?

पेल्विक_फिजिओ

कारण स्नायू मजबूत असून वेळ चुकते. शिंकेने पोटातला दाब एकदम वाढतो, तो मूत्राशयावर आदळण्याआधी स्नायू आवळलेला असला पाहिजे. म्हणून शिकवा: आधी आवळा, मग खोका, मग सोडा. वर्गात मुद्दाम हलकं खोकायला लावून सराव करून घ्या, आधी बसून, मग उभं राहून. तसंच खुर्चीतून उठताना, भरलेली कळशी किंवा गॅस सिलिंडर हलवताना, मुलाला कडेवर घेताना. उचलताना श्वास रोखायचा नाही, सोडत उचलायचं. कपालभाती, नौकासन, दोरीवरच्या उड्या करताना जिला गळतं, तिला सध्या त्यातून सूट द्या. पकड वाढली की परत सुरू करता येतं.

स्त्रीरोग_ओपीडी

वरचं सगळं खोकताना गळण्यासाठी. लघवीची घाई इतकी की बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत होते, हा प्रकार वेगळा, आणि अनेकींना दोन्ही असतात. घाईवाल्यांनी 3 दिवस वहीत लिहावं: किती वाजता, मापाच्या भांड्यात किती मिली, काय प्यायलं. दर वेळी 100-150 मिलीच होत असेल तर मूत्राशयाला थोड्यातच रिकामं व्हायची सवय लागली आहे. घाई आली की धावू नका. जागीच उभं राहा किंवा बसा, 5-6 वेळा झटकन आवळा, लाट ओसरली की शांतपणे जा. दोन वेळांमधलं अंतर 10-15 मिनिटांनी वाढवत अडीच-तीन तासांवर आणा. याला किमान 6 आठवडे द्या.

बाहेर स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून बायका घरून निघताना दर वेळी 'जाऊन येते' करतात आणि पाणी तोडतात. दोन्हींनी त्रास वाढतो, गडद लघवी मूत्राशयाला टोचते. दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर पाणी घ्या, चहा कमी करा. कमोडवर अधांतरी बसू नका, मांड्या ताठ राहिल्या की तळाचे स्नायू सैल पडत नाहीत आणि लघवी मागे राहते. पेपर पसरा, पण टेका.

कोणाला द्यायचा नाही: जिला संबंधाच्या वेळी दुखतं, टॅम्पॉन किंवा तपासणीचं बोटही आत जात नाही, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, माकडहाडाजवळ सतत दुखतं. अशांचे स्नायू आधीच आखडलेले असू शकतात, आवळून दुखणं वाढतं. त्यांना आधी सैल सोडायला शिकवावं लागतं, तेही तपासून.

लघवीत रक्त, जळजळ, वारंवार इन्फेक्शन, अंग बाहेर येणं, पाळी गेल्यावर रक्तस्राव असेल तर व्यायामावर वेळ न घालवता डॉक्टरकडे पाठवा. मांड्यांच्या मध्ये बधिरपणा किंवा लघवी अचानक तुंबणं असेल तर त्याच दिवशी. औषधंही विचारा. ब्लड प्रेशरसाठी रामिप्रिल, एनालाप्रिल घेणाऱ्या काहींना कोरडा खोकला लागतो, प्राझोसिनने मूत्रमार्ग सैल पडून गळू शकतं. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, बदलून मागायची. पाळी गेल्यावर योनी कोरडी पडली असेल तर डॉक्टर लावायला इस्ट्रोजेनची क्रीम देऊ शकतात. साखरही तपासून घ्या.

बाळंतपण_सल्ला

नुकत्याच बाळंत झालेल्यांबद्दल थोडं. लघवीची नळी निघाली आणि लघवी नीट होऊ लागली की हलकं आवळणं सुरू करता येतं, टाके असले तरी. त्या भागाचा रक्तपुरवठा वाढून सूजही उतरते. सिझेरियन झालेल्यांनाही हवं, कारण भार नऊ महिने पडलेला असतो. टाके गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेले असतील तर मात्र फिजिओथेरपिस्टला दाखवूनच करा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्याने आवळून कमावलेलं जातं.

योगशिक्षिका_नाशिक

सगळ्यांचे आभार. फरक पडतोय हे मोजायचं कसं?

पेल्विक_फिजिओ

दर महिन्याला एकदा, लघवी करून साधारण दोन तास झाल्यावर, पॅडमध्ये कोरडा टिश्यू ठेवून उभं राहून 3 वेळा जोरात खोकायला सांगा आणि ओला भाग किती ते बघा. शिवाय आठवड्यात किती वेळा गळलं आणि किती पॅड लागले, एवढं लिहून ठेवायचं. 3 महिन्यांनी काहीच बदल नसेल, किंवा आवळलेलं मुळात जाणवतच नसेल, तर पेल्विक फ्लोअरच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवा. बायोफीडबॅक (स्नायू किती आवळला ते यंत्रावर दाखवून शिकवणं) किंवा विजेची हलकी उत्तेजना अशांसाठीच असते. फरक पडला तर थांबवायचं नाही, दिवसातून एकदा चालू ठेवायचं.