शब्दचर्चा: बेसबॉलमधल्या ‘प्रॉस्पेक्ट’ला मराठीत काय म्हणाल?

मूळ प्रश्न (एलिकॉट सिटी, मेरीलँड)

बेसबॉलचा हंगाम तोंडावर आला की आमच्याकडे दरवर्षी एकच वाद पेटतो. कुठला पोरगा यंदा संघात येणार आणि कुणाला अजून थांबायला लावणार? बाल्टिमोर ओरिओल्स हा आमचा संघ. फेब्रुवारीत खेळाडू फ्लोरिडात सॅरासोटाला जमतात, मार्चभर सराव सामने चालतात, आणि इकडे ऑफिसात डबा खाताना, मुलांना पोहायला सोडून बाहेर थांबलेल्या आईबापांत, यादीचा काथ्याकूट सुरू होतो. मी त्यात अगदी हिरिरीने भाग घेते. पण एका शब्दाशी नेहमी अडते, म्हणून विचारते आहे.

२०२४ च्या मार्चमध्ये बाबा सांगलीहून आले होते. ओट्यापाशी उभी राहून मी शेजाऱ्यांशी तावातावाने भांडत होते की जॅक्सन हॉलिडेला पहिल्या सामन्यापासून घ्यायलाच हवं. ते गेल्यावर बाबांनी विचारलं, “अगं, हा पोरगा संघात आहे की नाही?” मी म्हटलं, “नाही बाबा, तो संभाव्य खेळाडू आहे.” त्यावर ते म्हणाले, “म्हणजे संभाव्य यादीत नाव आहे. मग भांडता कशाला? यादी लागली की कळेलच.”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. क्रिकेटच्या बातम्यांत ‘संभाव्य’ म्हणजे निवड समितीने आधी काढलेली लांबलचक यादी, जिच्यातून पुढे संघ निवडायचा. हॉलिडेची गोष्ट वेगळी. तेव्हा तो २० वर्षांचा. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, देशभरातून सगळ्यांत आधी उचललेला, तोही थेट शाळेतून, सही करतानाच सुमारे ८२ लाख डॉलर मिळालेला. वडील मॅट हॉलिडे सात वेळा ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या संघात. २०२३ या एकाच हंगामात पोरगा मायनर लीगच्या, म्हणजे मोठ्या संघाखालच्या तयारीच्या संघांच्या, चार पायऱ्या चढला, डेलमार्वा, ॲबरडीन, बोवी आणि नॉरफोक. सगळा देश त्याच्याकडे डोळे लावून बसलेला, आणि मोठ्या लीगमध्ये त्याच्या नावावर अजून एक धावही नाही. अशा माणसाला इथे ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणतात. मराठीत काय म्हणायचं?

पुणे

‘उदयोन्मुख’. वर्तमानपत्रांत रुळलेला शब्द आहे, सगळ्यांना कळतो. उदयोन्मुख खेळाडू, उदयोन्मुख गायिका. शोधायला लांब जायची गरज नाही.

मूळ प्रश्नकर्ती

लिहिताना चालेल, पण बोलताना जीभ अडखळते. “ओरिओल्सकडे यंदा सहा उदयोन्मुख आहेत” असं कुणी म्हणणार नाही, त्याच्यामागे ‘खेळाडू’ जोडावंच लागतं. शिवाय उदयोन्मुख म्हणजे ज्याचा उदय व्हायला लागला तो. सतरा वर्षांच्या पोराला डॉमिनिकन रिपब्लिकमधून करारबद्ध करतात, तो इथे पोचायला चार-पाच वर्षं जातात, कित्येक तर पोचतच नाहीत. त्यांचा उदय कुठे दिसायला लागलेला असतो?

सातारा

तुम्हाला हवा तो शब्द घरातच आहे. ‘होतकरू’.

यात्रेकरू आणि भाडेकरूच्या पंगतीतला शब्द, पण त्याच्या पोटातलं ‘होत’ मला फार मोलाचं वाटतं. होत आहे, अजून झालेला नाही. गुण दिसतात, निकाल हाती नाही. आणि तो बोलण्यातला आहे. “पोरगा होतकरू आहे” हे गावात शाळेचे मास्तर म्हणतात, तालमीतले वस्ताद म्हणतात, मुलगी द्यायच्या आधी चौकशीला आलेला मामाही म्हणतो. तिघांच्याही मनात आशा असते आणि थोडी धाकधूकही. तुमच्या शेजाऱ्यांच्या भांडणात याहून वेगळं काय चाललं होतं?

पुणे

होतकरूला एक वास चिकटलाय, तो विसरू नका. ‘गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना वह्यावाटप’. फलकांवर हे दोन शब्द इतकी वर्षं हातात हात घालून उभे आहेत की होतकरू म्हटलं की आधी मदतीची गरज असलेलं मूल डोळ्यांपुढे येतं. ८२ लाख डॉलर घेतलेल्याला होतकरू म्हणणं माझ्या कानाला खटकतं.

सातारा

तो वास ‘गरीब’चा आहे, होतकरूचा नाही. मध्ये ‘व’ घातलाय तो काहीतरी वेगळं सांगायचं असतं म्हणूनच ना? फलकांनी एक चांगला शब्द कोपऱ्यात बसवला म्हणून आपणही त्याला तिथेच सोडायचं का? आणि सगळेच हॉलिडे नसतात. खालच्या संघांतली बहुतेक पोरं बेताच्या पगारावर बसने रात्र-रात्र प्रवास करतात. त्यांना तर तो शब्द दोन्ही अर्थांनी लागू पडतो.

कोल्हापूर

होतकरू मला मान्य. पण त्याच्या जोडीला एक शब्द पुढे करतो, ‘उमेदवारी’.

आज उमेदवार म्हटलं की निवडणूक आठवते. जुना अर्थ वेगळा होता. आमच्या आजोबांनी वकिलाच्या कचेरीत तीन वर्षं उमेदवारी केली. सकाळी जाऊन दप्तर लावायचं, नकला उतरायच्या, अशिलांना पाणी द्यायचं, आणि कोपऱ्यात बसून काम कसं चालतं ते पाहायचं. पगार नाही, उमेद आहे, म्हणून उमेदवार. छापखान्यात, सोनाराच्या पेढीवर, सगळीकडे हीच रीत. अजूनही “त्याने पुष्कळ उमेदवारी केली” असं आपण म्हणतोच.

तेव्हा माणूस होतकरू आणि मायनर लीगमधला त्याचा काळ म्हणजे उमेदवारी. “हॉलिडे नॉरफोकला उमेदवारी करतोय” हे वाक्य तुमच्या बाबांना एका दमात कळेल.

कुडाळ

उमेदवारी झकास. मी शेतकरी आहे, म्हणून दुसऱ्या टोकाने सांगतो. त्या खालच्या संघांच्या उतरंडीला तिकडे फार्म सिस्टीम म्हणतात असं वाचलंय. म्हणजे मूळ कल्पना आमचीच. आम्ही भात आधी एका छोट्या वाफ्यात दाट पेरतो. त्या रोपांना तरवा म्हणतात, मालवणीत तरवो. रोप एवढं-एवढं झालं की उपटून, मुठी बांधून मोठ्या शेतात लावायचं. सगळं कसब दिवस मोजण्यात. कोवळा तरवा काढला तर चिखलात उभा राहत नाही. फार थांबलात तर तो वाफ्यातच जून होतो आणि मग लावूनही हवे तसे फुटवे येत नाहीत. माझी आई बोटांनी रोपाचा बुंधा चाचपून सांगायची, “आज नको, परवा.”

तुमचं ते मार्चमधलं भांडण मला तरी “आज की परवा” एवढंच दिसतं.

मूळ प्रश्नकर्ती

कुडाळकर, तुम्ही आमच्या वादाचा बुंधाच चाचपलात. एक गट म्हणत होता, चार पायऱ्या एका वर्षात चढलाय, आणखी काय पाहायचंय? दुसरा म्हणत होता, नॉरफोकच्या पायरीवर तो जेमतेम पोचलाय, तिथे राहू दे. त्याच्यामागे हिशेबही होता. खेळाडू जितका उशिरा येतो तितका काळ तो संघाच्या हाताखाली जास्त राहतो, त्यामुळे मालक मुद्दाम थांबवतात असा संशय चाहत्यांना कायम असतो.

शेवटी हंगाम सुरू झाला तेव्हा त्याला नॉरफोकलाच ठेवलं, आणि १० एप्रिलला बोस्टनमध्ये मोठ्या संघात उतरवलं. दहा सामन्यांत ३४ वेळा बॅट धरून २ हिट, आणि १८ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू मारताच न येता बाद. महिना संपायच्या आत नॉरफोकला परत. मी ओट्यापाशी जे काही बोलले होते ते मला आठवत होतं. रोप कोवळं होतं, हे मला मान्य करावं लागलं.

फ्रेमाँट, कॅलिफोर्निया

तेव्हा इकडेही लोक त्याला ‘बस्ट’ म्हणायला लागले होते. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, ‘फुसका बार’. पण तो जपून वापरावा. वात पेटून गेली, धूर निघाला आणि आवाज आला नाही, तेव्हा बार फुसका. दहा सामन्यांत वात तरी पूर्ण जळते का? माइक ट्राउट २०११ साली पहिल्यांदा आला तेव्हा ४० सामन्यांत त्याची फलंदाजीची सरासरी जेमतेम .२२० होती. पुढच्याच वर्षी तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला.

आम्ही घरी मुलांशी मराठीतच बेसबॉल बोलतो, त्यातून जमलेले काही शब्द देते. स्काउटला आम्ही ‘पारखी’ म्हणतो. रत्नपारखी असतो तसा. कुठल्याशा शाळेच्या मैदानावर जाळीमागे बसून, वही मांडीवर ठेवून, पोराचा हात, पाय, नजर पाहणारा माणूस. दुसरा शब्द सुचलाच नाही.

पारखी २० ते ८० च्या मोजपट्टीवर गुण देतात, आणि इथे मराठी माणूस हमखास फसतो. आमच्या सासूबाई म्हणाल्या, “पन्नास? काठावर पास झालाय बिचारा.” पण त्या पट्टीवर ५० म्हणजे मोठ्या लीगमधला सरासरी खेळाडू, म्हणजे जगातल्या मोजक्या शेकडो माणसांच्या बरोबरीचा. ६० मात्र आपल्या हिशेबाशी जुळतं, फर्स्ट क्लास! ८० एखाद्यालाच.

‘सीलिंग’ म्हणजे पोरगा फार तर कुठवर जाईल ते, ‘फ्लोअर’ म्हणजे निदान कुठवर. त्यांचं छत आणि फरशी करू नका, ते बांधकाम वाटतं. आम्ही ‘झेप’ आणि ‘हमी’ म्हणतो. “याची झेप मोठी पण हमी कमी.” “त्याची झेप बेताची, हमी पक्की.” माझा नऊ वर्षांचा मुलगा आता हे चाहत्यांच्या वादात इतक्या सहज टाकतो की मला फार बरं वाटतं.

पुणे

झेप आणि हमी फारच छान. मी माझा उदयोन्मुख मागे घेतो. मग मोठ्या लीगमध्ये नव्याने आलेल्या ‘रुकी’ला नवखा म्हणायचं का?

फ्रेमाँट, कॅलिफोर्निया

नवखा नको. नवख्याला काही ठाऊक नसतं, आणि हे लोक वर्षानुवर्षं उमेदवारी करून आलेले असतात. ‘नवोदित’ बरा. त्याला रीतसर व्याख्याही आहे. १३० पेक्षा जास्त वेळा अधिकृत फलंदाजी झाली, किंवा पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, ५० पेक्षा जास्त इनिंग्ज झाली, की पुढच्या हंगामात तो नवोदित धरला जात नाही. संघाच्या यादीत किती दिवस होता तेही मोजतात. होतकरूला अशी रेघ नाही, ती आपल्या मनात असते.

सातारा

म्हणी कुणीच कशा काढल्या नाहीत? लहानपणीच गुण दिसणाऱ्या पोराबद्दल बोलायचं तर ‘बाळाचे पाय पाळण्यात दिसतात’. उतारवयाच्या खेळाडूला थोडक्या पैशांत सरावाला बोलावतात ना, जमला तर ठेवला, नाही तर निरोप, ती ‘गाजराची पुंगी’. वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली. आणि मार्चमध्येच ऑक्टोबरच्या अजिंक्यपदाचं वाटप करणाऱ्यांसाठी ‘बाजारात तुरी’ आहेच.

मूळ प्रश्नकर्ती

बाजारात तुरी आम्हाला चांगलीच लागू पडते. २०१८ मध्ये ११५ पराभव, २०१९ मध्ये १०८, २०२१ मध्ये ११०. तळाच्या संघाला आधी निवडायला मिळायचं, म्हणून एवढं हरल्यामुळे ड्राफ्टमध्ये पहिला हक्क मिळाला, त्यातून २०१९ ला ॲडली रचमन आला आणि २०२२ ला हॉलिडे. २०२३ ला १०१ विजय. आम्ही तुरी शिजवायलाच घेतल्या, आणि बाद फेरीत टेक्सासने सलग तीन सामने जिंकून घरी पाठवलं. २०२४ च्या फेब्रुवारीत दोन तरुण खेळाडू आणि ड्राफ्टमधली एक निवड मिलवॉकीला देऊन कॉर्बिन बर्न्स घेतला, म्हणजे होतकरू देऊन तयार पिचर आणला. बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात तो अप्रतिम खेळला, तरी आम्ही १-० असे हरलो. हंगाम संपल्यावर तो ॲरिझोनाला गेला. तो सौदा बरोबर होता का, यावर आमच्या घरात अजून दोन तट आहेत. मी बरोबर म्हणणाऱ्यांत आहे. तरवा नुसता वाफ्यात ठेवून भात मिळत नाही.

आणि हॉलिडेचं राहिलं. ३१ जुलै २०२४ ला त्याला परत आणलं. कॅम्डन यार्ड्स या आमच्या घरच्या मैदानावर टोरंटोविरुद्ध, तिन्ही बेस भरलेले असताना, त्याने मोठ्या लीगमधला पहिला होम रन मारला. चेंडू उजवीकडच्या मैदानावरून पलीकडच्या युटॉ स्ट्रीट या रस्त्यावर जाऊन पडला. मी उभी राहून ओरडले आणि बाबांना फोन लावला. सांगलीत पहाट होती. बाबा नुकते उठून चहाचं आधण ठेवत होते. मला तेव्हा हे सगळे शब्द माहीत नव्हते, मी धापा टाकत म्हटलं, “बाबा, तो संभाव्य पोरगा!” ते शांतपणे म्हणाले, “लागला का यादीत?”

आता त्यांना फोन करून होतकरू आणि उमेदवारी दोन्ही सांगणार आहे.

एक शब्द मात्र अजून हवा आहे, ‘ऑप्शन’. संघाच्या ४० जणांच्या यादीतल्या तरुण खेळाडूला साधारण तीन हंगामांत, इतर संघांनी पळवायची भीती न बाळगता, खालच्या संघात पाठवता येतं. मग मार्चमध्ये चर्चा चालते, अमक्याचे ऑप्शन संपले, आता त्याला ठेवा नाही तर गमवा. ‘पर्याय’ म्हटलं तर अर्थच उलटतो, कारण निवड खेळाडूची नसते, संघाची असते.

कोल्हापूर

‘मुभा’ घ्या. परत धाडायची मुभा. “त्याच्या दोन मुभा गेल्या, एक उरली.”

कुडाळ

मुभा बरी, पण ती पोराला दिल्यासारखी वाटते. आम्ही पत्ते खेळताना ‘हातचा राखणे’ म्हणतो. संघाने अजून एक हातचा राखलाय, असं जमेल का?

मूळ प्रश्नकर्ती

हातचा! रविवारी शेजारी येणार आहेत, त्यात एक कुटुंब नागपूरचं आहे. त्यांच्यावर वापरून पाहते आणि कळवते.