लांबच्या उपनगरातलं परवडणारं घर: घ्यावं की भाड्यानंच राहावं?

उंबरठा:
शहराच्या मध्यात घर आवाक्यात नसेल तर लांबच्या उपनगरात घ्या, पण घ्याच. भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारा. करार संपला की मुलांच्या शाळेपासून आईवडिलांच्या डॉक्टरपर्यंत सगळी घडी विस्कटते. भाडं वाढतच जातं. हप्ता तेवढाच राहतो आणि पगार वाढेल तसा हलका होतो. वस्ती आज उजाड असेल, पण माणसं आली की दुकानं-दवाखाने मागोमाग येतात. कुणाचा विरोध असेल तर मांडा.

गणितवेडी:
आहे विरोध. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराच्या कर्जात हप्ता तेवढाच राहत नाही. दर चढला की हप्ता तरी वाढतो, नाहीतर मुदत तरी लांबते. दर स्थिर धरला तरी २० वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतलेल्या १०० रुपयांचे जवळपास २१६ फेडावे लागतात. पहिल्या हप्त्यातला ८३ टक्के भाग नुसतं व्याज. पाच वर्षं इमानेइतबारे हप्ते भरा, १०० पैकी ८९ अजून बाकीच! तेवढ्यात नोकरी दुसरीकडे गेली आणि घर विकावं लागलं तर?

उंबरठा:
आणि पाच वर्षं भाडं भरून किती मुद्दल फिटतं हो?

गणितवेडी:
शून्य, कबूल. पण व्याज म्हणजे बँकेला दिलेलं भाडंच. तुलना भाडं आणि व्याजाची करा. व्याजात मेंटेनन्स, कर, दुरुस्ती मिळवा आणि डाउन पेमेंटच्या रकमेवर बुडालेलं व्याजही धरा. भाडं आणि अख्खा हप्ता शेजारी ठेवले की दोन्ही बाजूंची फसगत होते.

खिडकीची_सीट:
प्रवास कुणीच मोजत नाहीये. जाता-येता एकेक तास जास्त, वर्षाला २४० कामाचे दिवस: ४८० तास झाले. म्हणजे २० अहोरात्र! नवराबायको दोघंही नोकरी करत असतील तर दुप्पट. जागा स्वस्त असते ती बहुतेक लांब असल्यामुळेच. विल्यम अलोन्सो या अर्थतज्ज्ञाने १९६४ मध्येच अंतर, प्रवासखर्च आणि जमिनीचा भाव यांचा हा संबंध मांडला होता. पुढे स्टुट्झर आणि फ्राय या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतली सर्वेक्षणं तपासली. घर किंवा पगार लांबच्या प्रवासाची भरपाई करत असेल, तर लांबून येणारेही तितकेच समाधानी दिसायला हवे होते. दिसले नाहीत.

तिसरा_मजला:
सर्वेक्षण राहू द्या. मी अशाच उपनगरात राहते. आजेसासूबाईंना स्वतंत्र खोली आहे, मुलं खाली खेळतात. मध्यवर्ती भागात याच पैशात आम्ही पाच जणं एका खोलीत झोपलो असतो. प्रवासाचा त्रास होतो, नाही कशाला म्हणू? पण तो आम्ही दोघं सोसतो, घरातले बाकीचे तिघं नाही. हे तुमच्या ४८० तासांत कुठे बसतं?

खिडकीची_सीट:
नाही बसत. मुद्दा मान्य.

जुनाजाणता:
भाव वाढेल या आशेवर घेणाऱ्यांसाठी थोडं. भाव चढतो तो जमिनीचा, इमारत जुनीच होत जाते. उंच टॉवरमध्ये तुमच्या वाट्याला जमीन येते ती चिमूटभर. त्यात उपनगराच्या कडेला मोकळ्या जागेचा तोटा नसतो. तुम्ही विकायला काढाल तेव्हा शेजारी कोरी इमारत उभी असेल, तिला नवी लिफ्ट असेल आणि बिल्डर सवलतही देत असेल. मग तुमचं जुनं घर कोण बघणार? आणि ब्रोशरमधलं ‘प्रस्तावित स्टेशन’ हे स्टेशन नव्हे. त्याचे पैसे आज मोजू नका. राहायला घेत असाल तर आधी तिथेच वर्षभर भाड्याने राहा. पाणी किती वेळ येतं, पावसात रस्ता कसा होतो, रात्री उशिरा घरी कसं पोचता येतं, सगळं कळेल.

उंबरठा:
वर्षभर थांबलो आणि भाव चढले तर?

जुनाजाणता:
तर थोडं लहान घर घ्याल. चुकीच्या ठिकाणी मोठं घेतलंत तर ते विकायलाच वर्ष जाईल.

उंबरठा:
लहान घरात तिसरा_मजला यांच्या आजेसासूबाई कुठे झोपणार, तेही सांगा.