मदत हवी आहे: क्वांटम गेम थिअरीतला फायदा नेमका कशाचा?

फोंडा येथील पदवीच्या गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी मी मराठीतून एक व्याख्यान तयार करत आहे. त्यांना मॅट्रिक्स आणि संमिश्र संख्या येतात, पुंजभौतिकी येत नाही.

'कैद्यांचा पेच' या खेळात (गुण: दोघांनी सहकार्य केल्यास ३-३, एकानेच दगा दिल्यास त्याला ५ व दुसऱ्याला ०, दोघांनी दिल्यास १-१) नेहमीच्या गेम थिअरीप्रमाणे दोघांनी दगा देणे हाच एकमेव नॅश समतोल (एकट्याने चाल बदलून कोणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती) असतो. आयझर्ट, विल्केन्स आणि लेवेनस्टाइन यांनी १९९९ मध्ये दाखवले की, खेळाडूंना पूर्णपणे एंटँगल केलेले (पुंजभौतिकीच्या अर्थाने एकमेकांशी जोडलेले) क्यूबिट, म्हणजे पुंज-बिट, देऊन दोन प्राचलांच्या ठरावीक युनिटरी क्रियाच (लांबी न बदलणाऱ्या संमिश्र मॅट्रिक्स) करू दिल्या, तर समतोल १-१ ऐवजी ३-३ वर येतो. मात्र सर्व युनिटरी क्रियांना मुभा दिली की प्रत्येक चालीला तोड निघते आणि शुद्ध समतोल (चाली यादृच्छिकपणे न निवडता मिळणारा) उरतच नाही. हे मी हाताने आणि पायथनमध्येही ताडून पाहिले आहे.

मग हा फायदा एंटँगलमेंटचा, की चाली वाढवून खेळच बदलल्याचा? (तिसरी चाल जोडलेला साधा तक्ताही तेच देईल, असे मला वाटते.) सीएचएसएच खेळात (दोन खेळाडूंनी एकमेकांशी न बोलता आपापल्या प्रश्नाला उत्तर द्यायचे असते) नियम तेच राहून एंटँगलमेंटमुळे जिंकण्याची शक्यता ७५ वरून सुमारे ८५ टक्क्यांवर जाते, पण तिथे दोन्ही खेळाडू एकाच बाजूचे असतात. नियम न बदलता, परस्परविरोधी हितसंबंध असलेल्या खेळाडूंमध्ये हा फरक दाखवणारा, फळ्यावर सोडवता येईल इतका लहान खेळ कोणी सुचवू शकेल का?